मौनव्रती संग्राहकांस अनावृत पत्र

प्रति,
नाणे हाती पडताच मौनात जाणारे सन्माननीय संग्राहक,
मुक्काम : व्हॉट्सॲपचा कोणताही देवघेव गट

विषय : जुनी नाणी व तिकिटे यांची ऑनलाइन अदलाबदल, तिच्यातील विश्वास आणि रीतभात

महोदय,

जुन्या नाण्यांची आणि टपाल तिकिटांची ऑनलाइन अदलाबदल म्हणजे एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोघांनी निव्वळ शब्दावर केलेला व्यवहार. रत्नागिरीच्या एकाने शिवराई धाडायची, इचलकरंजीच्या दुसऱ्याने बदल्यात भोर संस्थानची तिकिटे धाडायची, आणि दोन्ही पाकिटे पोचेपर्यंत दोघांनीही नेहमीसारखे जेवायचे, झोपायचे. करार नसतो, पावती नसते. रक्कम बहुधा इतकी किरकोळ असते की वकील गाठावा तर त्याची फीच तिच्याहून जड.

समोरासमोरच्या व्यवहारात ही अडचण नव्हती. रत्नागिरीच्या राम आळीत खोटे नाणे खपवणाऱ्याला संध्याकाळी त्याच आळीतून घरी जावे लागे. वडिलांचे नाव, गाव, पिढ्यांची ओळख हे सगळे आपोआप तारण राहिलेले असे. पुण्यातल्या कॉइनेक्स प्रदर्शनात आजही नाणे भिंगाखाली धरून, तोलून, वर नाक मुरडून घेता येते. व्हॉट्सॲपवर तारणाला उरते ते टोपणनाव आणि डीपीवरचा सूर्यास्त. ही उणीव भरून काढायला संग्राहकांनी काही रीती पाडल्या. त्या कुठे छापलेल्या नाहीत, तेव्हा महोदयांना त्या ठाऊक नसाव्यात असे सौजन्याने गृहीत धरले आहे.

पहिला प्रश्न आधी कोणी पाठवायचे हा. ज्याचे पूर्वीचे व्यवहार कमी, त्याने आधी पाठवावे. जुन्याजाणत्याने पाकीट मिळाल्यावर आपले टाकावे. नवख्याला हा दंडक अपमान वाटतो. पण जुन्याने फसवले तर त्याची अनेक वर्षांची पत जाते, नवख्याने फसवले तर त्याचे एक सिमकार्ड जाते. काही कल्पक महोदयांनी या रीतीत सुधारणा केली आहे : आपण जुने असल्याचे स्वतःच जाहीर करावे आणि साक्षीला आपलाच दुसरा नंबर उभा करावा.

खरी मेख वर्णनात आहे. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवरायांच्या 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेले. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पुढे वारसांच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराई पडत राहिली, इंग्रजी अमदानीतही बराच काळ बाजारात चालली. त्यामुळे अक्षरांची वळणे नाना तऱ्हेची, ठसा अर्धा नाण्याबाहेर, वजन कमीजास्त. चांगले नाणे साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते, झिजलेले त्याहून कमी. अशा नाण्याची नक्कल करणाऱ्याला फार कसब लागत नाही. त्याचे चुकलेले अक्षर उलट ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून चढ्या भावाला जाते. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि वजनकाट्यावरचा, असा सगळा लागतो. ओतीव नकलेच्या कडेला सांधा आणि अंगावर बारीक छिद्रे दिसतात. वरून काढलेल्या एकुलत्या एक धूसर फोटोत ती दिसत नाहीत, आणि फोटो धूसर ठेवण्यामागचे प्रयोजनही तेच असते.

कोकणात तांब्याची घागर आमसुलाने नाहीतर चिंचेने लख्ख करतात. हाच संस्कार नाण्यावर केला की शतकांचा थर जातो आणि त्याच्याबरोबर किंमतही. घासलेले नाणे विकायला हरकत नाही. ‘घासलेले आहे’ हे दोन शब्द मात्र घेणाऱ्याने भिंगातून शोधून काढण्याआधी लिहायचे असतात.

वर्णनात रत्नागिरीच्या पत्त्याचाही उपयोग होतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 मध्ये इथे आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. साहजिकच मोराच्या छापाचे ब्रह्मी चांदीचे नाणे रत्नागिरीहून निघाले की ते आपोआप ‘थिबाच्या खजिन्यातले’ होते. वस्तुतः हे नाणे थिबाच्या वडिलांचे, मिंडॉन राजाचे. मंडालेची टाकसाळ त्याने 1865 मध्ये सुरू केली आणि नाण्यावरचे 1214 हे ब्रह्मी वर्षही त्याच्याच राज्यारोहणाचे. नाणे अस्सल असू शकते. कथा तेवढी इथली. नाणे कुठून आले याचा कागद नसेल तर कथा फुकट सांगावी, तिचे पैसे लावू नयेत. तिकिटांतही पत्त्याचे मोल असते. टिळकांच्या जन्मशताब्दीला, 1956 मध्ये, दोन आण्यांचे तिकीट निघाले. ते एरवी स्वस्त आहे, पण त्यावर जन्मगावचा, म्हणजे रत्नागिरीचा, त्याच दिवसाचा शिक्का असेल तर संग्राहक दोन पैसे जास्त मोजतो. रबरी शिक्के करून देणारे दुकान मात्र प्रत्येक गावात असते, हे त्याने विसरू नये.

पाठवणीत पावसाळा निराळा मोजावा लागतो. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली की न वापरलेल्या तिकिटाचा गोंद शेजारच्या कागदाला आपणहून चिकटतो. तिकीट गुळगुळीत कागदाच्या पाकिटात, ते प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. सेलोटेप लावायची ती पुठ्ठ्याला. तिकिटाला लावणाऱ्यांशी सुजाण लोक पुन्हा व्यवहार करत नाहीत. नाणे सुटे टाकले तर ते पाकीट फाडून वाटेतच उतरते. 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. पाकिटाला ट्रॅकिंग क्रमांक मिळतो आणि तो त्याच दिवशी समोरच्याला कळवायचा असतो. ‘पाठवलंय हो’ हा ट्रॅकिंग क्रमांक नव्हे.

पैशाबाबत थोडक्यात. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तसे सांगणारा कितीही गोड बोलत असला आणि लष्करात असल्याचे ओळखपत्र दाखवत असला तरी. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखाला घेणारा ग्राहक आधी ‘कमिशन’ मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत ती नाही आणि असे शुल्कही ती घेत नाही. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

कायद्याचा भाग बहुतेक गटांत कुजबुजत बोलला जातो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ही पुरावस्तू. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. 1878 चा निखात निधी कायदा तर जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायला सांगतो. ‘नांगरताना सापडले’ ही जाहिरात विश्वास वाढवण्यासाठी लिहिली जाते. वाचणारा जाणकार असेल तर तो कबुलीजबाब असतो.

आता महोदयांच्या खास प्रांताकडे. उघड फसवणूक सोपी असते : नाव काळ्या यादीत जाते, स्क्रीनशॉट फिरतात, ॲडमिन दार लावून घेतो. मौनाचे तसे नाही. ट्रॅकिंगवर ‘पोचते झाले’ असे दिसते, निळ्या टिका उमटतात, महोदय दुपारी गटात सुप्रभातही टाकतात; फक्त ‘मिळाले’ हा शब्द येत नाही. पाठवणारा आठवडाभर पोस्टमनला, नंतर स्वतःच्या पॅकिंगला दोष देतो, आणि शेवटी ठरवतो की यापुढे अनोळखी माणसाला काही पाठवायचे नाही. मग महोदयांच्या पाठोपाठ येणाऱ्या प्रामाणिक नवख्याला कोणी दारात उभे करत नाही. या हौशीचे खोट्या शिवराईने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक या मौनाने होते. नकली नाणे भिंगाने ओळखता येते. न आलेल्या उत्तराला भिंग लावता येत नाही.

तरी विनंती अशी, की पाकीट उघडल्यावर त्यातल्या वस्तूचा फोटो काढावा, वस्तू पसंत नसेल तर तसे त्याच दिवशी सांगावे, पसंत असेल तर ‘मिळाले’ एवढे लिहावे, आणि मगच अल्बम उघडावा.

कळावे, लोभ असावा.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
समस्त पाठवणारे, रत्नागिरी