माथेरान : जुन्या मित्रांची पुनर्भेट

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील, सुमारे 800 मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये येथे चढून आले. त्यांच्यामागोमाग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, बंगलेवाले, मधुचंद्राची जोडपी आणि साठी उलटलेले कॉलेजमित्र असे वर्ग येत गेले. येथे शेवटच्या वर्गाचा विचार केला आहे.

सहलीची कल्पना व्हॉट्सॲपवर सर्वांना तत्काळ पसंत पडते. तारीख ठरेपर्यंत मात्र एखाद-दुसरा पावसाळा उलटतो.

नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात उभारली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती 21 किलोमीटर चढते आणि त्याला दोन तासांहून अधिक वेळ घेते. तरुणपणी या गाडीतून उतरून पुढच्या वळणावर आपण ती पुन्हा गाठत असू, असे प्रत्येक जण सांगतो. पुरावा उपलब्ध नाही. आता तिकीट मिळत नाही, म्हणून मंडळी टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर पोहोचतात. पुढे खासगी मोटारींना बंदी आहे. घोडा, अलीकडची ई-रिक्षा, अमन लॉजहून सुटणारी शटल आणि स्वतःचे पाय हे पर्याय उरतात. घोडेवाला गिऱ्हाइकाकडे पाहून दर सांगतो. घोडा गिऱ्हाइकाकडे पाहून मान फिरवतो.

अशा गटात एक जण माहितगार, एक खजिनदार आणि एक चिक्कू असतो. एका गटातील चिक्कू सकाळपासून उजवा हात खिशातून बाहेर काढत नव्हता. पाकीट सुटू नये म्हणून ही खबरदारी आहे, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

याच गटाच्या खजिनदाराने, कोणी विसरू नये म्हणून, सर्वांची औषधे एकाच पिशवीत गोळा केली होती. पूर्वी याच पिशवीतून रम येत असे. बाजारपेठेजवळ एका माकडाने ती पळवली आणि पत्र्याच्या छपरावर बसून शांतपणे तपासणी सुरू केली. रक्तदाबाची गोळी त्याने चाखून थुंकली, कॅल्शियमची मागे भिरकावली, इसबगोलाचा डबा हुंगून उलटा केला. पुदिन्याच्या चवीच्या अँटासिडची मात्र अख्खी पट्टी संपवली. खाली माहितगार माकडांच्या मानसशास्त्रावर बोलत होता. चण्याची पुडी वर फेकण्यात आली. माकडाने तीही घेतली आणि आपल्या सवडीने पिशवी सोडली.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात उरलेला ऐवज स्टीलच्या ताटात ओतण्यात आला. दातांच्या खुणा असलेल्या पट्ट्या, सुट्या गोळ्या, वर इसबगोलाचा भुरका. "ही गुलाबी कोणाची?" दोघांनी हक्क सांगितला. घरी फोन केला असता तर प्रश्न मिनिटात सुटला असता. परंतु घरून पहिले वाक्य "तरी सांगत होते" हेच आले असते. अखेर मुलांकडून प्रिस्क्रिप्शनचे फोटो मागवले गेले आणि वाटप सुरू झाले. सुट्या गोळ्या टाकून देण्यात आल्या, पट्ट्या नावांवर चढल्या.

एक पट्टी उरली. माहितगाराने चष्मा लावून नाव वाचले, ती कंपवाताची असल्याचे सांगितले आणि विनोद करण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात चिक्कू म्हणाला, "माझी आहे." पट्टी घेण्यासाठी त्याने हात खिशातून बाहेर काढला.

माहितगाराने तोंड मिटले. "गुलाबीचं काय ठरलं मग?" असे कोणीतरी विचारले आणि भांडण होते तेथून पुढे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी पॅनोरमा, एको, लुईझा हे पॉइंट व शार्लोट लेक पाहून झाले. दऱ्या जागेवर होत्या. चहाच्या टपरीवर चिक्कूचा ग्लास अर्धाच भरून आला, उरलेला चहा मागाहून ओतला गेला. तशी सूचना टपरीवाल्याला कोणी दिली, हे कोणी कबूल केले नाही. बिल मात्र सर्वानुमते चिक्कूलाच भरायला लावले.

परतीच्या वाटेवर चिक्की आणि चामडी चपला खरेदी करण्याची प्रथा आहे. हिशेब उतारावर होतो. माकडाने खाल्लेल्या अँटासिडची किंमत सर्वांत वाटावी की खजिनदाराच्या माथी मारावी, यावर या गटात मतभेद राहिले. पुढील सहलीत ज्याने त्याने आपली औषधे आपल्याजवळ ठेवावीत, असा ठराव झाला. त्याला एकच अपवाद करण्यात आला : चिक्कूच्या गोळ्यांची एक जादा पट्टी खजिनदाराकडे आणि एक माहितगाराकडे राहील.