आवाज फाडून देणारा मिस्तरी

जळोचीचा पेडल-मिस्तरी मुळात पेडल-मिस्तरी नसतोच. तो अॅम्प्लिफायरचा, मिक्सरचा, होम थिएटरचा आणि अडीनडीला शेजारच्या वहिनींच्या इस्त्रीचा मिस्तरी असतो. आयटीआय झालेलं असतं. एमआयडीसीत काही दिवस शिफ्टही केलेली असते. मग दुसऱ्याच्या भोंग्यावर आपण उठायचं नाही, असं ठरवून तो दहा बाय दहाचा गाळा धरतो. जळोची हद्दवाढीत बारामती नगरपरिषदेत आली. त्यामुळे पट्टी भरताना हा मनुष्य शहरात असतो आणि लाइट गेली की खेड्यात.

त्याची सगळी अब्रू एका कामावर उभी असते, आणि ते काम म्हणजे फाटणारा आवाज नीट करणं. मंडळाचा स्पीकर फाटतो, देवळातला भोंगा फाटतो, सप्ताहात ऐन कीर्तनात माइक फाटतो. ही सगळी फाटाफाट शिवून द्यायची, हाच त्याचा धंदा. अशा माणसापुढे एक दिवस बेंजो पार्टीचा मास्तर येतो, हाताच्या पंजाएवढा नारिंगी डबा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "मिस्तरी, आवाज फाटंना."

हा डबा म्हणजे गिटारचं डिस्टॉर्शन पेडल. तारेवरून आलेला सिग्नल आत भरमसाट मोठा करायचा आणि मग दोन डायोडांकडून त्याचे वरचे-खालचे शेंडे छाटून टाकायचे, एवढंच त्याचं काम. गोल लाट सपाट डोक्याची झाली की आवाज चरचरीत, जाड आणि लांबणारा होतो. बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-१ हे १९७८ सालचं, आणि आजही बनतं. बाजारात त्याच्या रंगाच्या नकलाही भरपूर मिळतात. मिस्तरीपुढे आलेलं पेडल अस्सल की नक्कल, हे मास्तर सांगत नाही आणि मिस्तरी विचारत नाही.

गिटारचं यंत्र बेंजोवाल्याकडे कसं आलं, हे थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात ते खरं तर बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, जो नागोयात मोरिता गोरो याने १९१२ साली तयार केला. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, पुढे ताशा, ढोल, पॅड आणि जनरेटरची गाडी आली, आणि वरातीत एवढ्या गलक्यात तारेचा नाजूक आवाज कुणाला ऐकू जाईना. नवरदेवाच्या मित्रांना नाचायला आवाजात धार लागते. ती धार पेडल देतं.

मिस्तरीला यातली खरी गंमत कुणी सांगितलेली नसते. हा आवाज जन्मलाच मुळी बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स याचं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज मिक्सिंग कन्सोलमधल्या दोषामुळे फाटला. तो तसाच ठेवला, १९६१ मध्ये गाणं आलं आणि लोकांना तेच आवडलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने मग तोच दोष मुद्दाम घडवणारं सर्किट केलं, आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन नावाचं पेडल बाजारात आलं. नॅशव्हिलला त्या दिवशी जळोचीचा मिस्तरी हजर असता, तर दहा मिनिटांत डाग मारून त्याने जगाचं रॉक संगीत थांबवलं असतं.

मास्तर येण्याची वेळ ठरलेली असते. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर दुपारी अडीच. हकिगतही ठरलेली. "काल मस्त चालू होतं. आपोआप बंद पडलं." यंत्र आपोआप बंद पडतं यावर मिस्तरीचा विश्वास नाही. "पाणीबिणी काय गेलं नाही" असं मास्तरने न विचारता सांगितलं की तो आधी पेडल उलटं करून झटकतो. चार स्क्रू काढले की आतून त्या हंगामाचा पुरावा बाहेर पडतो. गुलाल निघाला तर गणपती, भंडारा निघाला तर जेजुरी, हळद निघाली तर लग्न. हळद आणि भंडारा आपण नुसत्या नजरेने वेगळे ओळखतो, असा त्याचा दावा आहे. तो आजवर कुणी तपासलेला नाही.

तपासणीची सुरुवात नऊ व्होल्टच्या बॅटरीपासून होते. मीटर असलं तरी पहिली चाचणी जिभेची. झणका बसला तर बॅटरी जिवंत. मीटर काढायचं टाळण्याचं कारण असं की मीटरही तसल्याच नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि गाळ्यात चांगली बॅटरी एकच असते. ती पेडलला लावली की पेडल चालू होतं, पण मोजायला मीटर उरत नाही. मीटरला लावली की पेडल किती मेलंय ते अगदी अचूक कळतं. बॅटरी मरण्याचं कारण बहुतेक वेळा इनपुटच्या जॅकमध्ये असतं. पेडलला विजेचा वेगळा स्विच नसतो. पिन खुपसली की जॅकमधला जादा संपर्क बॅटरीचा मायनस जमिनीला जोडतो आणि वीज सुरू होते. कार्यक्रम संपल्यावर मास्तर पिन तशीच ठेवून झोपतो आणि पेडल रात्रभर एकटंच जागं राहतं. खरी दुरुस्ती म्हणजे "पिन काढून ठेवत जा" हे एक वाक्य. पण वाक्याचे पैसे मागता येत नाहीत, म्हणून मिस्तरी तरीही ब्रश मारतो, फुंकतो, दोन ठिकाणी डाग देतो. याला लबाडी म्हणवत नाही. न उघडता परत मिळालेलं यंत्र दुरुस्त झालंय, यावर गिऱ्हाइकाचाही विश्वास बसत नसतो.

दुसरा संशयित अॅडॉप्टर. पेडलांना बहुधा मधली पिन मायनस असलेला लागतो, आणि घराघरांत पडलेले इतर अॅडॉप्टर मधे प्लस असलेले. मास्तर वायफायच्या डब्याचा अॅडॉप्टर लावतो, कारण "पिन बसली". अनेक पेडलांत अशा वेळेसाठी प्लस-मायनसमध्ये एक डायोड आडवा टाकलेला असतो, बहुतेकदा मिस्तरीच्या ओळखीतला ४००७ किंवा त्याचा भाऊबंद. एरवी तो काहीच करत नाही. उलटा करंट आला की सगळा स्वतःकडे ओढून घेतो, जळतो आणि बोर्ड वाचवतो. तो शॉर्ट झाला की पेडल मेल्यासारखं पडतं. काहींत तर पायाचा स्विच बंद केला तरी साधाही आवाज जात नाही, कारण तिथे सरळ रस्ताही ट्रान्झिस्टरमधूनच जातो आणि ट्रान्झिस्टरला वीज लागते. ही खूण मिस्तरीला पक्की ठाऊक असते. स्विच बंद असतानाही आवाज नसेल तर तो पुढे न जाता मागे, विजेकडे वळतो.

वीज ठीक निघाली की खरी पंचाईत सुरू होते. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते. मिस्तरी खूश होऊन म्हणतो, "आला की आवाज!" मास्तर कळवळून सांगतो, "ही खरखर नाय वो, ती दुसरी खरखर पाहिजे." आयुष्यभर खरखर एकच मानणाऱ्या माणसाला इथे खरखरीतही जातपात असते हे कळतं. बटणाखालच्या पॉटमध्ये धूळ बसून येते ती वाईट आणि डायोडमधून येते ती चांगली. वाईट खरखर क्लीनरचा फवारा मारून, बटण वीसदा मागेपुढे फिरवून जाते. चांगली अजून यायची असते.

तिच्या शोधासाठी मिस्तरी आपलं खास हत्यार काढतो. एका वायरच्या टोकाला १०४ नंबरचा कॅपॅसिटर, दुसरं टोक अॅम्प्लिफायरला. पेडलच्या इनपुटला मोबाइल लावून गाणं सुरू करायचं आणि कॅपॅसिटरचा मोकळा पाय बोर्डावर एकेका टप्प्याला टेकवत पुढे जायचं. गाणं जिथे गप्प होईल तिथे चोर. ही पद्धत जगभर वापरतात आणि ती उत्तम आहे. मीटर जे दाखवत नाही ते कान दाखवतो. फक्त जळोचीत मोबाइलवर सकाळची भक्तिगीतंच भरलेली असतात. पहिल्या टप्प्याला अभंग शुद्ध ऐकू येतो, आयसीच्या पुढे तो गुरगुरायला लागतो, आणि समोरच्या किराणावाल्याच्या आई काठी टेकत विचारायला येतात, कुणाच्या दारात भांडण लागलंय म्हणून.

आयसी तपासणं सोपं. आठ पायांच्या नेहमीच्या आयसीला आठव्या पायावर नऊ व्होल्ट, चौथ्यावर शून्य आणि उरलेल्यांवर साधारण साडेचार दिसले की ती सुटली. उरतात ते शेंडे छाटणारे दोन ४१४८ डायोड. यांतला एक शॉर्ट झाला तर आवाज मरतुकडा येतो. दोन्हींचा डाग सुटला तर छाटणारं कुणी राहत नाही, आणि आवाज एकदम मोठा, मोकळा आणि बराच स्वच्छ निघतो. असा आवाज आला की मिस्तरी सवयीने हात पुसतो आणि "घ्या, झालं" म्हणतो. मास्तरचा चेहरा सुतकी होतो. आपण ज्याला रोगमुक्ती समजलो तोच रोग आहे, हे पटायला मिस्तरीला एक चहा लागतो.

४१४८ गाळ्यात नसतो. तो पुण्याला तपकीर गल्लीत मिळतो आणि पुण्याला कुणीतरी परवा जाणार असतं. हळद आज आहे. मग डब्यातले दोन ४००७ तोंडं एकमेकांच्या उलट करून बसवले जातात. शास्त्राला यात फारसं वावगं नाही. दोन्ही सिलिकॉनचेच, दोन्ही अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आसपास वाहायला लागतात. शेवटची चाचणी बेंजोवर होत नाही, कारण बेंजो गाडीत असतो आणि गाडी इंदापूर रस्त्याला पुढे गेलेली असते. मास्तर पिनेच्या टोकाला बोट लावतो. गाळा घर्रर्र करून हादरतो. "आधीपेक्षा जास्त फाटतोय," मास्तर म्हणतो. असं वाक्य दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर मिस्तरीने शटर ओढलं असतं.

बिल कामावर ठरत नाही, कार्यक्रमाला किती तास उरलेत यावर ठरतं. मास्तर निम्मे देतो आणि उरलेले "सुपारीचे आले की" म्हणतो. दहा-दहा आवाज एकाच डब्यात असलेली, तांदळाच्या कणीएवढे पार्ट असलेली मल्टी-इफेक्ट पेडलं मिस्तरी घेत नाही. ती न उघडताच "बोर्ड गेलाय" असं निदान होतं आणि त्याचे पैसे तो मागत नाही. बाकीच्यांची नोंद वहीत होते. तिथे वर्षानुवर्षं दोनच रकाने आहेत, तक्रार आणि केलेलं काम. बेंजोवाल्यांच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात "आवाज फाडून दिला" असं लिहिलेलं असतं, आणि समासात बाकी.