ओव्हनमधली कोंबडी : पूर्वतयारी, विधी व निषेध

ओव्हनमध्ये रसरशीत कोंबडी भाजू इच्छिणाऱ्या गृहस्थाने सर्वप्रथम ओव्हन रिकामा करावा. बऱ्याच मराठी घरांत ओटीजी येतो, दोन केक आणि एक घाणा नानकटाई भाजतो आणि नंतर जास्तीच्या कढया, झारे व झाकणं हरवलेल्या डब्यांचं कोठार होतो. प्लास्टिकचा एखादा डबा आत राहिल्यास पुढील मार्गदर्शन लागू नाही.

गावठी कोंबडीचा मोह आवरावा. आयुष्यभर अंगणात धावलेल्या त्या जिवाच्या स्नायूंत चिवट कोलॅजन भरपूर. तिला रश्श्यात निवांत रटरटू द्यावं. ओव्हनसाठी सव्वा किलोची ब्रॉयलर घ्यावी आणि ‘विथ स्किन’ हे शब्द चिकनवाल्याने सुरी उचलण्याआधी मोठ्याने उच्चारावेत. सवयीचा हात बनियन उतरवावा तशी पिसांसकट कातडी एका ओढीत काढतो. म्हणून पिसं काढायचं यंत्र असलेलं दुकान गाठलेलं बरं. ‘करी कट?’ या प्रश्नाला ठाम नकार द्यावा. पाठीचा कणा मात्र कापून वेगळा मागावा आणि कोंबडी दाबून चपटी करावी. मांडी आणि छाती एका पातळीत आली की आच सगळीकडे नीट लागते.

घरी आल्यावर नळाखाली धुणं निषिद्ध. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली यासाठी मोहीमच काढली होती, कारण शिंतोड्यांबरोबर कॅम्पायलोबॅक्टर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवरही उडतात. ही माहिती घरातल्या ज्येष्ठांना जेवणानंतर सांगावी. कोंबडी कागदाने टिपून घ्यावी, हे पुरे.

आता मीठ. आदल्या रात्री किलोला साधारण दीड चमचा मीठ सगळीकडे चोळून कोंबडी फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उघडी ठेवावी. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यातच विरघळतं आणि पुन्हा मांसात शिरतं. तिथे ते प्रथिनांची वीण सैल करतं, मग तापल्यावर त्यांच्या हातून पाणी कमी निसटतं. वरची कातडीही सुकून कुरकुरीत व्हायला तयार होते. भरीस भर म्हणून रात्रभर कच्ची पपई लावू नये. तिच्यातलं पपेन वरचा थर पिठूळ करून टाकतं.

‘आधी तव्यावर परतलं की रस आत कोंडला जातो’ असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक कुटुंबात असतोच. हा समज १८४७ च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पसरवला आणि पुढे प्रयोगांत तो खोटा ठरला. तव्यावरचा तो चर्र आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. परतल्याने चव मात्र वाढते, त्यामुळे जाणकाराचा अपमान करायचं कारण नाही.

ओव्हन २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापवावा. ‘किती वेळ भाजायचं?’ हा प्रश्न मात्र घड्याळाला विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक ओटीजीची खुंटी आपापल्या मर्जीने खरं बोलते. काहीशे रुपयांत टोकदार थर्मामीटर मिळतो. तो छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. अमेरिकी कृषी खात्याने सुरक्षिततेसाठी ७४ अंश सेल्सिअस ही रेषा आखली आहे. छाती याच्या फार पुढे गेली की लाकूड होते. मांडीला मात्र ८० अंशांपुढे नेलेलं मानवतं, कारण तिथलं कोलॅजन वितळून मऊ जिलेटिन होतं. म्हणून मांड्यांची बाजू ओव्हनच्या आत, जास्त गरम भागाकडे करावी.

दर पाच मिनिटांनी दार उघडून डोकावणाऱ्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं. प्रत्येक भेटीत आतली गरम हवा बाहेर पडते. छाती ७१ ला पोचली की ट्रे बाहेर काढावा आणि थर्मामीटर तसाच राहू द्यावा. पुढच्या दहा मिनिटांत बाहेरची उष्णता आत सरकते आणि आकडा आपसूक ७४ वर चढतो. न चढल्यास ट्रे पुन्हा आत.

एवढं सगळं साधलं, तरी पानावर बसलेली मंडळी ‘रस्सा कुठंय?’ असं विचारतीलच. त्यासाठी पाठीचा कणा आधीच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उकळत ठेवावा.