शिडी, सूप आणि मशाली

जिनिव्हा हे रात्री दहानंतर शिंकायचाही संकोच वाटावा असं गाव. बँका, घड्याळं, संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आणि त्या सगळ्यांच्या आधी, सोळाव्या शतकात, धर्मसुधारक कॅल्व्हिनने लावून दिलेली शिस्त. अंगावर दागिना दिसता कामा नये, असा दंडक निघाला तेव्हा तिथले सोनार घड्याळं करायला लागले म्हणतात. अशा गावात भर डिसेंबरात लोक मशाली पेटवून, घोड्यांवर बसून, जुन्या बंदुकांचे बार काढत रस्त्यावर उतरतात, असं जावयाने सांगितलं. जावयाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असा माझा शिरस्ता आहे. या वेळी काही सोडायची गरज नव्हती.

या उत्सवाचं नाव एस्कलाद. गोष्ट 1602 सालची. शेजारच्या सॅव्हॉयचा ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल याचा या प्रॉटेस्टंट गावावर फार दिवसांपासून डोळा होता. 11 डिसेंबर सरून 12 उजाडायच्या आतच त्याचं सुमारे 2000 माणसांचं सैन्य तटापाशी येऊन ठेपलं. शिड्या काळ्या रंगाने रंगवलेल्या, अंधारात दिसू नयेत म्हणून. शिवाय सुट्या करून वाहून आणता येतील आणि जागेवर जोडता येतील अशा. खाली एक जेसुइट पाद्री उभा राहून चढणाऱ्यांना धीर देत होता, की ही एकेक पायरी म्हणजे स्वर्गाची पायरी आहे. पुष्कळांच्या बाबतीत त्याचा शब्द खरा ठरला.

आता माझी पंचाईत बघा. मी सिंहगडाच्या गोष्टीवर वाढलेला माणूस. काळोख्या रात्री तटाला भिडणारा म्हटला की तो आपलाच, असं रक्तात भिनलेलं. लेक गोष्ट सांगत होती आणि माझा जीव शिडीवाल्यांसाठी वर-खाली होत होता. शेवटी तिने दटावलं, “बाबा, ते शत्रू आहेत!”

शत्रूला आडवी आली ती कॅथरीन शेनेल, म्हणजे गावाची लाडकी ‘मेर रोयोम’. साठीच्या आसपासची, चौदा मुलांची आई. तटाला लागूनच तिचं घर. तिने खिडकीतून भाज्यांच्या उकळत्या सूपचं पातेलं खालच्या सैनिकावर ओतलं आणि पाठोपाठ पातेलंही सोडलं, अशी आख्यायिका. एवढ्या अपरात्री चुलीवर सूप का उकळत होतं, हा प्रश्न आमच्या हिने लगेच विचारला. उत्तरही तिचं तिनेच दिलं, “चौदा पोरं!”

खरं तर लढाई फिरवली ती इझाक मेर्सिये नावाच्या माणसाने. त्याने वेशीवरच्या लोखंडी जाळीचा दोर कापला. जाळी धाडकन खाली आली आणि बाहेरचं सैन्य बाहेरच राहिलं. गावाची 18 माणसं कामी आली. गावाचे धर्मगुरू थिओडोर द बेझ त्या वेळी 83 वर्षांचे, कानाने मंद; ते या धुमश्चक्रीत शांत झोपून होते आणि सकाळी उठल्यावर त्यांना बातमी कळली, असं सांगतात. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आदर वाटला तो यांच्याबद्दल. पण गावाने डोक्यावर घेतलं ते सूपवालीला. तिच्या पातेल्याचं चॉकलेट निघतं, मेर्सियेचं कोणी करत नाही.

तारखेचीही एक गंमत आहे. त्या काळी पोपने सुधारलेलं कॅलेंडर जिनिव्हाने मानलं नव्हतं. पोपचं कॅलेंडर घ्यायचं तर मग भांडायचं कशाला? नव्या हिशेबाने तो दिवस येतो 22 डिसेंबर. पुढे गावाने नवं कॅलेंडर घेतलं, सण मात्र 12 लाच ठेवला. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. दोन्ही तटांना मी हे कळवलं आहे. दोघांनाही आपलंच बरोबर असल्याचा पुरावा मिळाला.

मिरवणूक काढते ‘कंपनी द 1602’ ही 1926 साली स्थापन झालेली संस्था. शेकडो माणसं जुन्या वेषात, भाले, ढोल, बासऱ्या, घोडे. जुन्या गावातल्या चढाच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दगडी घरं आणि मधून सरकणाऱ्या मशाली. राळेचा धूर, घोड्याची लीद आणि मसाला घालून गरम केलेली वाइन या तिन्हींचा मिळून एक वास. चौकाचौकात घोडेस्वार थांबतो आणि कागद उलगडून जाहीरनामा वाचतो. माझ्यासमोर थांबलेल्या एका भालाईताने भाला काखेत धरून मिशीला लागलेलं सूप रुमालाने नीट टिपलं, रुमालाची चौघडी केली आणि मगच चेहरा पुन्हा उग्र केला. मिरवणूक वेळेवर निघाली. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. शेवटी सेंट पिएर कॅथीड्रलसमोर होळी पेटते आणि लोक गावाचं गीत गातात. त्याला 68 कडवी आहेत. म्हणतात तीन-चारच, हे ऐकून पायात गोळे आलेल्या सर्व पाहुण्यांचे चेहरे उजळले.

पण खरा प्रसंग घरी घडला. या दिवसांत चॉकलेटचं पातेलं मिळतं, आत मार्झिपॅनची गाजरं, कोबी. घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत धाकटा यांनी मिळून ते फोडायचं आणि म्हणायचं, ‘प्रजासत्ताकाचे शत्रू असेच नष्ट झाले!’ धाकटा म्हणजे नातू. तो खुर्चीवर चढून तयारच होता. मोठा कोण? मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही छताकडे पाहू लागले. “तुम्ही छपन्नचे ना?” मी विचारलं. “कागदोपत्री,” ते म्हणाले. “शाळेत घालताना वडिलांनी वाढवून सांगितलं होतं.” विहीणबाई काही बोलणार होत्या, पण त्यांना एकदम स्वयंपाकघरात काहीतरी आठवलं. अखेर मीच मूठ आवळली. पातेलं फुटेना! चौथ्या दणक्याला नातवाने मला बाजूला सारलं आणि एकट्यानेच प्रजासत्ताक वाचवलं.

जायचं मनात असेल तर 12 डिसेंबरच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा; मुख्य मिरवणूक रविवारी संध्याकाळी असते. लोकरीचे मोजे दोन जोड घाला, रस्त्यावर मिळणारं भाज्यांचं सूप प्या. आणि साठी उलटली असेल, तर आपल्याहून मोठा आणि वयाबाबत प्रामाणिक असा एक माणूस सोबत न्या.