रा. रा. घरगुती व्हिटॅमिन डी किट यांस

सा. न. वि. वि.

आपण कुरियरने घरोघरी पोचू लागलात, हे फार उत्तम झाले. आमच्या सोसायटीत हल्ली कुणी तब्येत विचारत नाही, ‘डी किती?’ असे विचारतात. कुणाचे ११, कुणाचे १४. बारावीच्या निकालासारखीच चर्चा. फक्त इथे कमी मार्कवाला जास्त मिरवतो.

आपली सेवा तशी सोपी. बोटाच्या कडेला टोचायचे आणि थेंब पट्टीवर सोडायचा. थेंब येईना म्हणून बोट पिळले, तर रक्तासोबत ऊतींतले पाणीही उतरते आणि हिशेब बिघडतो. पण ती सूचना इतक्या बारीक टायपात, की चष्मा सापडेपर्यंत पिळून झालेले असते. मग रेघांचे वाचन. आपल्या काही भाऊबंदांत ‘टी’ची रेघ जितकी फिकट तितके डी जास्त. रेघ ठळक उठली की पेढे वाटायची सवय असलेल्या घरांत यावरून काय गोंधळ होतो, ते आपण पाहिलेले नाही.

आकड्याचे तर विचारूच नका. लंडनच्या भाच्याचे ५० ऐकून इथल्या मामांनी आपल्या २०ची हाय खाल्ली. तिकडे नॅनोमोल, इकडे नॅनोग्रॅम. माप निराळे, डी तेवढेच! बरे, २० म्हणजे कमी का? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना २० पुरते असे सांगितले. एंडोक्राइन सोसायटीने मात्र २०११ साली ३०च्या खालचे सगळे ‘अपुरे’ ठरवले. चांगली हिंडती-फिरती माणसे एका कागदाने आजारी झाली. पुढे २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३०ची रेघ मागे घेतली आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी नको, असेही सांगितले. ही बातमी आपल्या खोक्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. कुरियर हरवले असेल.

खोक्यातच ६०,००० युनिटच्या कॅप्सूलवर सवलतीचे कूपन असते, याचेही कौतुक वाटते. परीक्षा घेणारा आणि क्लास चालवणारा एकच! आठवड्याला एक घ्यायची ती कॅप्सूल कुणी उत्साहाने रोज घेत राहिला, तर रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडावर बेतते. कूपनावर तेवढी जागा नसणार.

ज्यांची हाडे ठिसूळ झालीत, मूत्रपिंड-यकृत दुखणाईत आहे किंवा ज्यांच्या फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू आहेत, त्यांची तपासणी डॉक्टर सांगतातच आणि ती लॅबमध्ये होते. त्यांना आपली तशी गरज नाही. आपली गिऱ्हाइके म्हणजे आम्ही, धडधाकट आणि धास्तावलेले.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक ‘अपुरा’

ता. क. : मामा सध्या रोज गॅलरीत ऊन घेतात, स्लायडिंगची काच लावून, धूळ नको म्हणून. डी बनवणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, हे त्यांना आपणच सांगावे. आमचे ते ऐकत नाहीत.