बुणगे मागे, काका पुढे

इंदूरच्या प्रत्येक मराठी गल्लीत एक काका असे असतात, की ज्यांना रिकाम्या हातानं कुठं जाताच येत नाही. गल्ली रामबागेतली असो, नारायणबागेतली असो की लोकमान्य नगरातली. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर; पण महाकालाच्या दर्शनाला निघाले तरी काकांबरोबर थर्मास, सतरंजी, दोन चार्जर, जीरावनची पुडी आणि पान्यांचा एक संच असतो. ‘असू दे, लागतं’ हे त्यांचं ब्रीद. नोकरीत होते तोवर हा सगळा पसारा स्कूटरच्या पायाशी मावत असे. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हाती आले आणि काकांनी जाहीर केलं, आता चाकांवरचं घर घ्यायचं. फोर्सची ट्रॅव्हलर शेजारी पिथमपूरलाच बनते. ती घ्यायची, आत पलंग, शेगडी आणि मोरी करून घ्यायची आणि भारत बघायचा. इथवर ठीक होतं. पण महेश्वरला घाटाजवळ हे घर उभं केल्यावर सकाळी पोहे आणायला कशावरून जायचं? मोटरसायकलवरून. मोटरसायकल न्यायची कुठे? मागे. मागे कशावर?

तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या काकांना सगळे ट्रेलरवाले काका म्हणतात. ट्रेलर अजून आलेला नाही. ट्रॅव्हलरही आलेली नाही. आधी ट्रेलर पक्का करायचा आणि मग तो ओढेल अशी गाडी बघायची, असा त्यांचा क्रम आहे. बुलेट मात्र आहे. तिचं वजन १९५ किलो, हे काकांना पाठ आहे. स्वतःचं विचारलं तर “असेल सत्तरच्या आसपास” म्हणतात, आणि आतून काकू “ब्याऐंशी!” असा आवाज देतात.

रविवारी सकाळी छप्पन दुकानावर काकांचा वर्ग भरतो. पोह्याची बशी म्हणजे ट्रॅव्हलर, जिलेबीची बशी म्हणजे ट्रेलर, मधला चमचा म्हणजे दोघांना जोडणारा दांडा. जिलेबी बशीच्या पुढच्या कडेला सरकवत काका म्हणतात, “हे बघ, बाइक फार पुढे बांधलीस तर ट्रॅव्हलरचं बूड दबतं, तोंड उचललं जातं, स्टिअरिंग हलकं लागतं. फार मागे बांधलीस तर ट्रेलरच्या नाकावर वजनच राहत नाही. मग जरा वेग घेतला की शेपूट डुलायला लागतं आणि ते काही केल्या थांबत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार नाकावर हवा. १९५ ची बुलेट, दोनशेचा ट्रेलर, म्हणजे चाळीस ते साठ किलो. कळलं?” जिलेबी अचूक जागी आली की काका ती समाधानानं खातात. मग पुढच्या मुद्द्यासाठी दुसरी मागवावी लागते.

ट्रेलरच नको, गाडीच्या मागच्या बंपरला स्टँड लावून त्यावरच बाइक चढवावी, असं कुणीतरी सुचवलं होतं. काकांनी ते एका वाक्यात निकालात काढलं: “मागच्या ॲक्सलच्याही मागे दोनशे किलो लटकवायचे, मग पुढची चाकं काय शोभेला?”

या साऱ्यात सर्वांत सोशिक माणूस म्हणजे लोहामंडीतला वेल्डर. काका येताना दिसले की तो मशीन बंद करतो आणि चहा सांगतो. काका वही उघडतात. वहीत नकाशा आहे: बाइकची चाकं बसतील अशी पन्हाळ, पुढचं चाक पकडायला खाच, दोन्ही बाजूंना पट्टे अडकवायच्या कड्या, चढवण्यासाठी सरकती फळी. वेल्डर नकाशाकडे बघतो आणि म्हणतो, “काकाजी, मारुती आठ सौ के पहिये डाल देता हूँ. कबाड़े में पड़े हैं.”

“और बेअरिंग?”

“वो भी पड़े हैं.”

इथे काका डोळे मिटतात. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं, बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून वाहून जातं, आणि खलघाटच्या पुलावर ते चाक ट्रेलरचा निरोप घेऊन नर्मदामैयाच्या पायाशी जातं, हा सगळा चित्रपट त्यांना मिटल्या डोळ्यांनी दिसतो. मग स्प्रिंगच्या पाट्यांवरून जुंपते. वेल्डरला जाड पाटे घालायचे असतात, कारण त्याच्या धंद्यात मजबूत याला दुसरा पर्याय नाही. काकांना नरम हवेत, कारण जाड पाट्यांवरचा रिकामा ट्रेलर प्रत्येक खड्ड्यात उड्या मारतो. “तो खाली ले जाना ही क्यों?” असं वेल्डर विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. काका वहीत ‘विचाराधीन’ असं लिहितात आणि उठतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत की नकोत, हा तर बारमाही विषय. काकांच्या मनातला पहिला मोठा प्रवास इंदूर ते पुणे. त्या वाटेवर धामनोदच्या अलीकडे गणपती घाट लागतो. ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी हा उतार बदनाम. “उतारावर गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर गाडीला ढकलतो,” काका सांगतात, “तेव्हा खालचा गिअर, धीर आणि मागे ब्रेक.” पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आणि आपल्या गल्लीत ट्रेलर वळवायला जागा नाही, याची त्यांना मनापासून खंत आहे.

काकांच्या पाठीशी इतिहासही उभा असतो. पहिला दाखला पानिपतचा. “बुणगे मागे ठेवा, सडे होऊन लढा, असं सूरजमल जाट सांगत होता. भाऊसाहेबांनी ऐकलं नाही. बायकामुलं, बाजार, यात्रेकरू, सगळं बरोबर. अरे, पानिपत आपण ट्रेलरपायी हरलो!”

“काका, यावरून बुणगे न्यायचेच नाहीत असं निघतं.”

“छे! नीट बांधून न्यायचे, असं निघतं.”

दुसरा दाखला घरचा. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाडा उभारणाऱ्या एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुशिल्पीनं महाराजांच्या आगगाडीच्या डब्याची आणि शिकारीला न्यायच्या कारव्हॅनचीही रचना केली होती. तेव्हा चाकांवरचं घर ही काही अमेरिकन थेरं नव्हेत, आपल्या संस्थानची रीत आहे, असं काका ठासून सांगतात. त्या माणिकबागेत नंतर उत्पादनशुल्क आणि जीएसटीवाले येऊन बसले, याची कुणी आठवण करून दिली की मात्र ते विषय बदलतात. ट्रॅव्हलर आणि ट्रेलर या दोन्हींवर मिळून कर किती बसेल, हे काकूंना सांगायचं अजून राहिलं आहे.

कायदाही काकांना मुखोद्गत. मोटार वाहन कायदा, १९८८. मोटारीनं ओढलं जाणारं वाहन म्हणजे ट्रेलर. त्याची वेगळी नोंदणी, त्याला वेगळा नंबर. व्याख्येतून सुटले आहेत ते फक्त सेमीट्रेलर आणि साइडकार. हे ऐकून मी सुचवलं, बुलेटला साइडकार लावावी आणि काकूंना तीत बसवावं; ट्रेलरही वाचेल, ट्रॅव्हलरही वाचेल. काकूंना ते तत्काळ पटलं. पुढच्या रविवारी मला जिलेबी मिळाली नाही.

पण काकांचा खरा वैरी वेगळाच: रिव्हर्स. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर आडवा होतो. सोयाबीनच्या हंगामात म्हणूनच काका छावणीच्या मंडीत जाऊन उभे राहतात. तिथे सांवेरकडचा एखादा विशीतला पोरगा मोबाइलवर बोलत बोलत भरलेली ट्रॉली दोन ट्रकांच्या मधून उलटी सरकवतो आणि बरोबर ओट्याला लावतो. काकांनी एकाला त्यामागचं सूत्र विचारलं. तो म्हणाला, “काकाजी, सोचो मत, ट्रॉली को देखो.” काकांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि त्यावर विचार सुरू केला. मग एका मांडववाल्याचा जनरेटरचा ट्रेलर आणि गॅरेजवाल्याची जीप मागून आणून दशहरा मैदानावर प्रयोग झाला. थोड्याच वेळात जीप आणि जनरेटर काटकोनात एकमेकांकडे बघत उभे राहिले. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी त्यांनीच जनरेटर सोडवून हातानं वळवून दिला.

काकूंचं म्हणणं सोपं आहे. “घराचा कंटाळा आला म्हणून बाहेर पडायचं, तर घरच बरोबर. त्या घराचा कंटाळा येईल म्हणून मागे मोटरसायकल. आणि तिचाही कंटाळा आला तर?”

काका गंभीरपणे म्हणतात, “घडीची सायकल. ती टपावर मावते.”

हसायला हरकत नाही, आम्हीही हसतो. पण इंदूरचा मराठी माणूस होळकरांच्या फौजांमागून माळव्यात आला तो देवघर, पुरणयंत्र आणि भाषा मागे बांधूनच आला. सडा आला असता तर आज रामबागेत मराठीत भांडणं झाली नसती. काकांच्या अंगात तेच बुणगे आहेत, फक्त त्यांना आता नंबरप्लेट हवी आहे.

शिवाय या माणसाचा उपयोग होतो. शेजारचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची बाइक टेम्पोत काकांनी बांधली. पुढचं चाक हौद्याला टेकवलं, चारी कोपऱ्यांतून पट्टे ओढले, पुढचे शॉकअप साधारण अर्धे दाबले, पूर्ण नाहीत. कारण पूर्ण दाबले तर सीलवर ताण येतो आणि मुळीच दाबले नाहीत तर पट्टे वाटेत ढिले पडतात. साइड स्टँडवर भार ठेवला नाही. बाइक पुण्यात ओरखडा न पडता उतरली. रेल्वेनं पाठवायची असेल तर टाकी रिकामी, आरसीची प्रत आणि भोवती गोणपाट, हेही त्यांनी गल्लीतल्या निम्म्या पोरांना शिकवून ठेवलं आहे.

तेव्हा तुमच्या गल्लीत असे काका असतील तर त्यांना ‘ट्रेलर कधी घेताय?’ असं विचारून दुखवू नका. मात्र गाडी कुठे पाठवायची असली की आधी त्यांच्याकडे जा आणि टेम्पोवाल्याकडे नंतर. जाताना जिलेबी घेऊन जा, आणि वजनाचा मुद्दा निघणार हे गृहीत धरून जरा जास्तच घ्या.