मातीची की गादीची?

आमच्या पिंपळगाव बसवंतात बाजारभाव कळायचे तीन मार्ग आहेत. एक, बाजार समितीच्या आवारात जाऊन लिलाव बघावा. दोन, मोबाइलवरचे ग्रुप पाहावेत. तिथं सकाळी दहा वाजता एकाच मालाचे अकरा भाव मिळतात. तिसरा मार्ग खात्रीचा. चिंचखेड चौफुलीवर चहा पीत बसलेल्या नानांना विचारावं, "मग नाना, कोणती गाडी घ्यायची ठरली?"

नाना "रेंज रोव्हर" म्हणाले की टोमॅटो तेजीत आहे असं समजावं. "फॉर्च्युनर बघतोय" म्हणाले की भाव बरा आहे, खर्च वजा जाऊन चार पैसे उरतील. "शेवटी थारच आपली" हे वाक्य कानावर आलं की बाजार बसला. आणि "आहे त्या बोलेरोला काय धाड भरलीय?" असा उलटा सवाल आला, तर चहाचे पैसे आपण द्यावेत आणि गुपचूप उठावं. रात्री कुठंतरी गारा पडलेल्या असतात.

नाना हे एका माणसाचं नाव नाही. निफाड तालुक्यात दर शिवारात एक तरी नाना सापडतो. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं बापू. आमच्या नानांची सहा एकर द्राक्षबाग, दोन एकर टोमॅटो, एक कांदाचाळ. पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि उजव्या हाताच्या नखांत मोरचुदाचा निळा रंग. बागेवर फवारायचं बोर्डो कालवून कालवून तो इतका मुरलाय की लग्नात अक्षता टाकतानाही हात निळाच दिसतो. दारात 2004 सालची बोलेरो. तिच्या मागच्या सीटा काढून टाकल्यात, कारण रोपांचे ट्रे सीटवर नीट बसत नाहीत. ह्या बोलेरोच्या जागी नवी गाडी घ्यायचं नानांनी 2011 साली ठरवलं. ठरवणं अजून चालू आहे.

पण ह्या ठरवण्यामागे अभ्यास आहे. नानांच्या मते चार चाकं ओढणाऱ्या गाड्या दोनच जातीच्या. "एक मातीची, एक गादीची. मातीच्या गाडीत बसलं की पाठ दुखते, गादीच्या गाडीत बसलं की हप्ता दुखतो. माणसानं कुठलं दुखणं झेपतंय ते बघावं." थारच्या गिअरशेजारचा छोटा दांडा ते गावठी भाषेत असा समजावून सांगतात की शोरूमच्या पोरांनी वहीत लिहून घ्यावं. "टू एच म्हणजे सासुरवाडीला जायचा. मागची दोनच चाकं ओढतात, बाकी निवांत. फोर एच म्हणजे पावसात, निसरड्यावर. चारी चाकं कामाला. आणि फोर एल म्हणजे बांधावरचं भाऊबंदाशी भांडण. पुढं सरकायचं ते इंच इंच, पण जोर असा लावायचा की मागं हटणं नाही."

पुढचंही त्यांना पाठ आहे. कोरड्या डांबरावर थारची फोर बाय फोर टाकायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, मग सगळा ताण मधल्या गिअरांवर येतो. एवढं सांगून झालं की नाना थोडे गप्प होतात. कारण पिंपळगावहून नाशिक तीसेक किलोमीटर, सगळा मुंबई-आग्रा महामार्ग, सगळं डांबर. ज्या दांड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, त्याला रोजच्या रस्त्यावर हातच लावायचा नाही. 2023 च्या जानेवारीत कंपनीनं नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार काढली, तेव्हा मी म्हटलं, "नाना, ही तुमच्या हिशोबाची." नाना संतापले. "मास्तर, कांदा वगळून कांदाभजी खायची का?"

मी शाळामास्तर, दोन एकरांचा धनी. माहितीपत्रक वाचायला इंग्रजी येणारा माणूस लागतो म्हणून नाना मला बरोबर नेतात. एकदा मी त्यांना ह्या दोन जातींची वंशावळ सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेची विलीज जीप जगभर फिरली. लढाई संपली आणि 1947 साली महिंद्रांनी तीच जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली. आज नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी थार ही तिची नात. त्याच वेळी विलायतेत रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स नावाच्या साहेबाकडे अँगलसी बेटावरच्या शेतात लष्कराची जुनी जीप होती. ती झिजायला आली, आणि आपणच तशी गाडी का करू नये म्हणून त्यानं 1948 साली लँड रोव्हर काढली. शेतकऱ्यासाठी! इंजिनाच्या जोरावर शेतीची यंत्रं फिरवायची सोय तिच्यात होती. पहिल्या नमुन्यात तर स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. युद्धानंतर पोलाद मिळेना, म्हणून अंगाला अॅल्युमिनियम लावलं. पुढं 1970 मध्ये त्याच घरात रेंज रोव्हर जन्मली, आणि ही पहिली रेंज रोव्हर आतून चक्क नळीनं धुता येत असे. रेग्झिनच्या सीटा, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड. 2008 साली टाटांनी ते सगळं घराणंच विकत घेतलं.

नानांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे दोघी चुलत बहिणीच. एक वावरात राहिली, दुसरीला मोठं स्थळ मिळालं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण मास्तर, नळीनं धुवायची सोय काढायला नको होती."

एका वर्षी सप्टेंबरात टोमॅटोला बरा भाव होता, तेव्हा नानांनी एक गादीची गाडी चालवून बघायला घरी बोलावली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष गाडीचा नव्हता, मातीचा होता. नाशिकहून एक टाय घातलेला पोरगा ती घेऊन आला. बुटांत आपला चेहरा दिसावा इतके त्याचे बूट चकचकीत. त्याला वाटलं, साहेब हायवेवर एक चक्कर मारतील. नाना म्हणाले, "हायवेवर तर एसटी पण पळते. बागेतून न्या."

गाडीत एक गोल बटण होतं. ते फिरवलं की रस्त्यांची चित्रं यायची : गवत, बर्फ, चिखल, वाळू. नानांनी चष्मा पुसून चारही चित्रं निरखली.

"ह्यात काळी माती कुठंय?"

"सर, चिखलाचं आहे ना."

"चिखल वेगळा, काळी माती वेगळी. चिखलातून पाय निघतो."

"सर, ही सिस्टिम बर्फातसुद्धा चालते."

"ते बटण राहू द्या. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर येतो, तेव्हा कामाला येईल."

पाणी प्यायलेली काळी माती कशी असते ते ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. ती फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि बघता बघता टायरचा गुळगुळीत लाडू होतो. मग चार चाकं ओढोत की चाळीस, लाडू जागच्या जागी फिरतो. गाडी बागेच्या कडेनं ऐटीत शिरली, तीसेक पावलं गेली, जराशी लाजली आणि पोटावर बसली. पोरानं बटण चिखलावर केलं, वाळूवर केलं, शेवटी घाम पुसत बर्फावरही केलं. पडद्यावर चारी चाकांना किती जोर चाललाय ह्याचं रंगीत चित्र येत होतं. खाली मातीत खड्डा खोल होत होता.

नानांनी हाक मारली. सालगडी बागेतला छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. दोन ओळींतल्या नऊ फुटांत मावणारा, मागचा ब्लोअर आत्ताच सोडलेला, बॉनेटवर औषधाचे पांढरे शिंतोडे. त्यानं साखळी अडकवली, सीटखालचा एक दांडा ओढला, बिडी दातांत धरली आणि पाऊण कोटीची गाडी वासरासारखी ओढत पांदीवर आणून ठेवली.

टायवाल्या पोरानं बूट बघत विचारलं, "ह्या ट्रॅक्टरला फोर-व्हील ड्राइव्ह आहे?"

"बागेत सगळ्यांकडंच हाय की," सालगडी म्हणाला आणि ब्लोअर जोडायला निघून गेला.

संध्याकाळी मी नानांना म्हटलं, "नाना, तुम्ही इतकी वर्षं जी शोधताय ती शेडमध्ये उभी आहे." नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मास्तरांना पुस्तकातलं कळतं, जगातलं कळत नाही. "मास्तर, ट्रॅक्टर लॉन्सवर लावता येतो का?"

इथं खरी मेख आहे. आमच्याकडे गाडीची परीक्षा घाटात होत नाही, नदीत होत नाही; ती मंगल कार्यालयाच्या पार्किंगात होते. राहूड घाट तर कांद्याचे ट्रकसुद्धा चढतात. पण लॉन्सच्या फाटकात शिट्टीवाला पोऱ्या गाडी बघून ठरवतो की हिला मांडवाजवळ घ्यायची की मागच्या ढेकळांत पाठवायची. पांढरी फॉर्च्युनर आली की तो आधी सलाम ठोकतो, मग आत कोण आहे ते बघतो. फॉर्च्युनरवाला माणूस सरपंचकी आणि आमदारकी ह्यांच्या मधल्या जिन्यावर कुठंतरी उभा आहे असं धरलं जातं. थार आली तर आत पोरं आहेत आणि गाणं मोठं आहे. नानांची बोलेरो दरवेळी ढेकळांत जाते. गंमत अशी की त्या लॉन्सवर मातीतून जायची वेळ फक्त तिच्यावर येते, आणि ती बिनबोभाट जाते.

नानांच्या घरात दोन पक्ष आहेत. थोरला मुलगा थारवाला. त्याला छप्पर निघणारी हवी, आणि नंबर 4141, म्हणजे पाटीवर तो दादा दिसतो. ह्यावर काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणतात, "उन्हात उघड्यावर बसूनच जायचं तर ट्रॅक्टर काय वाईट आहे?" एकदा त्या तीन दारांच्या थारमध्ये मागच्या सीटवर चढल्या. पुढची सीट दुमडून, लुगडं सावरून, गुडघा धरून. आत बसल्यावर त्यांनी निकाल दिला, "सप्तशृंगीच्या गडावर म्हाताऱ्यांसाठी ट्रॉली झाली, आणि ह्यांच्या गाडीत चढायला पायऱ्या." त्यांना गादीचीही नको. "तिच्यात पाय पुसून बसावं लागतं. आपल्या घरात कुणाचे पाय पुसलेले असतात?" काकूंना कोणती हवी ते आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर 2011 सालीच निकाल लागला असता.

कुणाला वाटेल मी नानांची चेष्टा करतोय. 2023 सालचा हिशोब सांगतो. जुलैत टोमॅटोनं देशभर किलोला शंभरी ओलांडली. ज्याच्याकडे माल होता त्याला वीस किलोचं कॅरेट सोन्याचं वाटायला लागलं. नाना त्या महिन्यात रेंज रोव्हरच्या कातड्याचा रंग निवडत होते. बदामी की तपकिरी एवढाच प्रश्न उरला होता. 19 ऑगस्टला केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, आणि नाना फॉर्च्युनरवर आले. सप्टेंबरात टोमॅटो इतका उतरला की लोकांनी तो रस्त्यावर ओतला. नाना म्हणाले, "फॉर्च्युनर, पण दोन चाकांची." 26 नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारा आल्या. निफाडात बागा झोपल्या, घड फुटले, वेलीखाली पानांचा सडा. नाना थारवर. आणि 8 डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद झाली. त्या दिवशी सकाळी चौफुलीवर मी काही विचारायच्या आतच नाना म्हणाले, "बोलेरोचे टायर बदलले की अजून पाच वर्षं बघायला नको."

पाच महिन्यांत दोन कोटींपासून चार टायरांपर्यंत! जगात लोक रस्ता बघून गाडी निवडतात, ऐपत बघून निवडतात, नाही तर शेजारी बघून. आमच्या नानांची गाडी आभाळ आणि दिल्ली मिळून निवडतात, आणि दोन्हींचं मत महिन्याला बदलतं. म्हणून नाना निर्णय घेत नाहीत असं म्हणणं खोटं आहे. ते दर महिन्याला नवा निर्णय घेतात, आणि तो त्या दिवसापुरता अगदी बरोबर असतो. सही करायला शोरूमला जायचं, तर तेवढ्यात औषधाच्या दुकानाची उधारी आठवते आणि गाडी वाटेतच थांबते.

मी मात्र ह्यातून शिकलो. पूर्वी कांदा कधी काढावा म्हणून ग्रुप बघायचो, रेडिओ ऐकायचो, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो. आता बघत नाही. परवा चौफुलीवर नाना भेटले. चहा सांगितला, बशीत ओतला, फुंकर मारली.

"मग नाना, कोणती ठरली?"

"शेवटी थारच आपली, मास्तर. नाशकात बनते. घरची पोर."

मी घरी आलो आणि चाळीतला कांदा आणखी पंधरा दिवस तसाच ठेवला.